रकाना सातवा

अर्जात सातवा रकाना आहे :
‘या प्रकल्पाने प्रदेशाच्या वाढीला कसा हातभार लागेल?
अडीचशे शब्दांत लिहा. आकडे द्या.’

सोमवार, रात्रीचे साडेअकरा. बर्स्लेम.
खिडकीबाहेर बाटलीच्या आकाराची जुनी भट्टी,
तिच्या तोंडातून धुराऐवजी
जांभळ्या फुलांचं एक झुडूप वर आलंय.
कर्सर लुकलुकतो. मी लिहिते :

आम्ही हाड बनवतो.
मातीचं. म्हणजे माती नव्हेच ती,
पण भट्टीत जे जे जातं त्याला इथले लोक मातीच म्हणतात,
आता मीही.
चिरडलेल्या नडगीत बसवायची करंगळीएवढी कांडी.
या गावानं दोनशे वर्षं
बैलाच्या हाडांची राख मातीत कालवून कप केले.
आम्ही उलट निघालोय.

पहिल्या सव्वीस कांड्या तडकल्या.
विद्यापीठातल्या शहनाजनं तापमानाचे आलेख काढले, फार देखणे.
सत्ताविसावीही तडकली.
मग कुणीतरी म्हणालं, ग्लेनिसला विचारा.

ग्लेनिस माचिन, वय चौऱ्याहत्तर.
कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिचं एकच काम :
कपाला टिचकी मारायची आणि ऐकायचं.
आली, कोटही न काढता कांडी उचलली, कानाशी नेली,
‘गार करायची घाई करताय, बदका.’
(इथं सगळ्यांनाच बदक म्हणतात.
पहिल्या वर्षी मी रुसले होते.)

आलेखात होतं ते, शहनाज पुटपुटली,
पण इतकं बारीक, की—

आमच्या भट्टीला दमानं निवणं जमेना.
रस्त्यापलीकडच्या टाइलवाल्या ब्लूरनं
शनिवार-रविवार त्याची दिली.
ब्लूर आमचा प्रतिस्पर्धी, आमच्या दोन पोरी त्यानं पळवल्यात.
का दिलीस? तर म्हणे, रिकामी होती.

हे सातव्या रकान्यात कसं बसवू?
की शहाणपण इथं नळानं येत नाही,
ओल चढावी तसं येतं, शेजारच्या भिंतीतून,
आणि कुठून आलं म्हणून खरवडायला जावं
तर नुसता पोपडा हातात.

सकाळी ओटकेकच्या दुकानापुढं
(घावनाचाच चुलतभाऊ, पोटात चीज भरलेला)
बँकेतली बाई, कौन्सिलचा माणूस, ग्लेझ विकणारा म्हातारा
रांगेत उभ्याउभ्या जे बोलतात
त्याचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही.
आमचं कर्ज त्या रांगेत मंजूर झालं.
मीटिंगमध्ये फक्त सही.

इथली माणसं कुठंही जेवायला बसली
की आधी ताट पालथं करतात. मागचा शिक्का बघतात :
कुणी केलं, कुठल्या गल्लीत.
‘पालथ्या घड्यावर पाणी’ ऐकत वाढलेली मी,
मला हसू यायचं.
परवा लंडनच्या हॉटेलात मीच केलं. सूप सांडलं.

आकडे.
ग्लेनिसच्या कारखान्यात नऊशे माणसं होती.
आमच्याकडे अकरा.
वाढ म्हणजे काय, मी तिला विचारलं नाही.
तिनं विचारलं, तासाला किती देता?
आता मंगळवारी आणि गुरुवारी येते,
शहनाजला ऐकायला शिकवते.
शहनाज म्हणते, हेही मोजता येईल, मायक्रोफोन लावू.
ग्लेनिस म्हणते, लाव की.

शब्द केव्हाच संपलेत, रकाना लाल झालाय.
सगळं पुसते. लिहिते :
‘सध्या अकरा नोकऱ्या, पाच वर्षांत तीस.’
तीस कुठून आले, मलाही ठाऊक नाही.

टेबलावर एकोणचाळिसावी कांडी.
टिचकी मारते.
वाजली,
की मला वाजावीशी वाटतेय?

उद्या मंगळवार.